एक वस्तू, एक जागा

संगणकाने भांडारप्रमुखांना एवढेच विचारले होते: "मॉड्यूल कुठे बसवायचे? सर्व वापरकर्त्यांसाठी, की फक्त तुमच्यासाठी?" खाली दोन रिकामे चौकोन होते. कुठल्याही एकात खूण करायची की काम पुढे सरकणार. दुसरा कोणी असता तर त्याने डोळे मिटून खूण केली असती आणि चहा टाकायला उठला असता. पण भांडारप्रमुखांनी सबंध नोकरी एका मोठ्या कारखान्याच्या भांडारात काढली होती. आलेली वस्तू कुठे ठेवायची या विषयावर ते वरिष्ठांशी भांडले होते, एकदा तर हातातोंडाशी आलेली बढती घालवून बसले होते. असल्या माणसाला हा प्रश्न विचारायलाच नको होता. पण संगणकाला माणसांची पारख कुठली असायला.

भांडारप्रमुख आता निवृत्त होते, म्हणजे पद गेले होते आणि नाव तेवढे मागे राहिले होते. गल्लीत त्यांना सगळे अजून भांडारप्रमुखच म्हणत. त्यांच्या पत्नी शाळेत उपमुख्याध्यापिका होत्या. त्यांना अख्खी गल्ली बाई म्हणे, आणि चारचौघांत बोलताना भांडारप्रमुखही बाईच म्हणत. भांडारात त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली एक पाटी होती, 'एक वस्तू, एक जागा'. निरोपसमारंभाच्या दिवशी ती त्यांनी काखेत मारून घरी आणली. बाईंनी दिवाणखान्याची भिंत द्यायला नकार दिला, स्वयंपाकघराचीही दिली नाही, तेव्हा ती न्हाणीघराच्या दाराआड लागली. तिथे ती रोज सकाळी वाचली जाई, पण फक्त भांडारप्रमुखांकडून.

पाटी आडोशाला गेली म्हणून तत्त्व आडोशाला गेले नव्हते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसे त्यांनी निवृत्तीनंतर घराची साठा-तपासणी काढली. मिठाच्या दोन बरण्या निघाल्या; एक केली. कात्र्या निघाल्या तीन: एक स्वयंपाकघरात, एक बाईंच्या शिवणाच्या डब्यात, एक टेबलाच्या खणात. त्यांतली एक खिळ्याला टांगून बाकीच्या 'जादा माल' अशी चिठ्ठी लावलेल्या खोक्यात गेल्या. बाईंचा जुना चष्मा खिडकीत पडून असे. नवा नंबर लागून नवा चष्मा आला होता, तेव्हा जुना हा मुदत संपलेला माल झाला. रद्द माल त्याच दिवशी आवाराबाहेर काढायचा हा भांडाराचा दुसरा नियम. चष्मेवाल्याच्या दुकानाबाहेर गरजूंसाठी जुने चष्मे टाकायची पेटी होती, तिच्यात तो गेला. बाईंनी दोन दिवस चष्मा शोधला. कळल्यावर त्या फक्त "बरं" म्हणाल्या. बाईंचे हे "बरं" शाळेतले सगळे शिक्षक ओळखून होते. घरात ते ओळखणारे कोणी नव्हते.

त्याच आठवड्यात बाईंनी वाचनालयात चालणाऱ्या ज्येष्ठांच्या संगणकवर्गात त्यांचे नाव घातले. घरातला माणूस दुपारभर घराबाहेर राहावा एवढाच त्यामागे हेतू होता. पण भांडारप्रमुख तिथे रमले. प्रोग्रामिंगची भाषा शिकताना बाकीचे ज्येष्ठ जांभया देत असत, आणि हे पहिल्या रांगेत बसून शंका विचारत. एके दिवशी शिकवणारीने सांगितले, की सगळे आपणच लिहीत बसायचे नसते. इतरांनी तयार भाग लिहून ठेवलेले असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. ते आणायचे, आपल्या संगणकात बसवायचे आणि वापरायचे. भांडारप्रमुख जागच्या जागी उठून उभे राहिले. सुटे भाग! हे तर त्यांचेच राज्य होते. घरातल्या मालाचा एक प्रोग्राम लिहायचा, दिव्यांपासून डोकेदुखीच्या गोळ्यांपर्यंत सगळे त्यात नोंदायचे, असे त्यांनी घरी येता येताच ठरवले. तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी त्यांनी मॉड्यूल आणायला घेतले आणि तो दोन चौकोनांचा प्रश्न समोर आला.

बाई शाळेला निघाल्या होत्या. सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडायची होती आणि त्याआधी शिक्षकांची सभा होती. सबंध सुट्टी बाईंनी याच संगणकावर शाळेचे वेळापत्रक करण्यात घालवली होती. त्यासाठी त्यांच्याकडे एक प्रोग्राम होता. शाळेतल्या एका विज्ञानशिक्षकांनी तो मोठ्या हौसेने लिहून दिला होता आणि मग ते परदेशी निघून गेले होते. वेळापत्रक त्या प्रोग्रामच्या पोटात होते आणि त्याच्यावाचून ते उघडत नसे. वेळापत्रक म्हणजे नुसता तक्ता, असे ज्यांना वाटते त्यांनी कधी शिक्षकांमध्ये दिवस काढलेले नसतात. कोणाला पहिला तास नको असतो, कोणाला शेवटचा नको असतो, आणि दोन बाई अशा असतात की त्यांना एका मजल्यावर एका वेळी ठेवता येत नाही. बाईंनी महिनाभर खपून सगळ्यांचा तह घडवून आणला होता.

"अहो, हे विचारतंय कुठे बसवू," भांडारप्रमुख म्हणाले. "सर्वांसाठी की फक्त माझ्यासाठी?"

"फक्त तुमच्यासाठी," बाई चपला घालत म्हणाल्या. "माझं वेळापत्रक आत आहे. संगीताचा एक तास आज सभेत ठरला की संध्याकाळी छापून टाकते. तोवर माझ्या कशाला हात लावू नका."

त्या गेल्या आणि भांडारप्रमुख दोन चौकोनांकडे बघत बसले. फक्त माझ्यासाठी. त्यांना ते शब्दच पटेनात. टॉवेल सोडला तर या घरात फक्त त्यांचे असे काय होते? आणि भांडारातून 'फक्त माझ्यासाठी' माल काढणाऱ्याला तर सरळ चोर म्हणत. त्यांना दुसरे मत हवे होते, आणि गल्लीत दुसरे मत मागावे लागत नाही, ते पायऱ्या उतरून आपणहून येते. वरच्या मजल्यावरचे विमा-एजंट रोजच्याप्रमाणे पेपर वाचायला खाली आले.

"सर्वांसाठीच घ्या," प्रश्न वाचून एजंट म्हणाले. "एकट्याचं कवच आणि कुटुंबाचं कवच यात मी कायम कुटुंबाचं सुचवतो. आज तुम्ही आहात. उद्या, देव न करो, नसलात, तर बाईंना मॉड्यूल मिळायला नको?"

"पण बाई म्हणतात, फक्त तुमच्यासाठी."

"माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या बायका आधी हेच म्हणतात," एजंट म्हणाले आणि पेपर घेऊन वर गेले.

भांडारप्रमुखांनी सर्वांसाठी खूण केली. संगणकाने यावर पासवर्ड मागितला. सर्वांसाठी बसवायचे तर व्यवस्थापकाची परवानगी हवी, आपल्या व्यवस्थापकाशी संपर्क साधा. भांडारप्रमुखांनी हे दोनदा वाचले. संगणक त्यांच्या घरात, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या विजेवर चालत होता. व्यवस्थापक म्हणून मात्र खाली नाव होते जावयांचे. संगणक आणला तेव्हा जावयांनीच तो सुरू करून दिला होता आणि जाताना स्वतःची नेमणूकही करून गेले होते. हयातभर लोकांनी ज्यांच्याकडे परवानग्या मागितल्या, त्यांनी आता जावयांकडे अर्ज करायचा होता.

फोन मुलीने घेतला. भांडारप्रमुखांनी तिकडच्या हवेची चौकशी केली. मग तिच्या सासूबाईंच्या गुडघ्याची केली. मग पुन्हा हवेवर आले.

"बाबा, संगणकाचं काही आहे का?" मुलगी म्हणाली.

"छे, छे. म्हणजे, जावई मोकळे असतील तर."

जावई मोकळे होते. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "बाबा, त्यापेक्षा फक्त तुमच्यासाठी बसवलंत तर? पासवर्ड लागणार नाही, आईंच्या कामालाही धक्का नाही."

हे वाक्य अगदी साधे होते. पण ते जावयाच्या तोंडून आले होते, त्यामुळे सासऱ्याच्या काळजाला लागले. "मी सर्वांसाठी म्हणतोय," भांडारप्रमुख कोरडेपणाने म्हणाले. जावई मर्यादशील होते. त्यांनी पासवर्ड सांगितला. पासवर्ड होता 'हात लावू नका', सगळे एकत्र जोडून. भांडारप्रमुखांनी तो एक-एक अक्षर शोधत टाइप केला, एकदा चुकला म्हणून पुन्हा केला, आणि संगणकाने त्यांना आत घेतले.

आत गेल्यावर त्यांनी काय पाहिले, हे समजायला भांडारातल्या माणसाचे डोळे हवेत. मॉड्यूल बसले, ते ठीकच. पण ते कुठे बसले हे बघायला ते गेले, तर तेच मॉड्यूल शेजारच्या फोल्डरात आधीच एक होते. मग त्यांनी शोध लावला. आणखी एक निघाले बाईंच्या वेळापत्रकाच्या फोल्डरमध्ये. एकच वस्तू, तीन जागा. आणि बाईंच्या फोल्डरातले तर इतके जुने, की त्यानंतर त्याच्या कितीतरी आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. मुदत संपलेला माल चालू मालाच्या शेजारी ठेवला होता आणि कोणाला त्याचे काही वाटत नव्हते. भांडारप्रमुखांना मनापासून वाईट वाटले. बाई एवढ्या शिस्तीच्या, आणि त्यांच्या फोल्डरात हे. त्यांनी ठरवले की बाई यायच्या आत आपण नीट लावून ठेवू. त्यांना बरे वाटेल.

पुढचा तासभर हा त्यांच्या निवृत्तीतला सर्वांत सुखाचा काळ होता. एक मॉड्यूल शोधताना दुसरी दुबार सापडत गेली. नव्यातले नवे तेवढे ठेवले, सगळे एका जागी आणले, जुने काढून टाकले. काढलेले संगणकाच्या कचरापेटीत जाऊन बसते हे त्यांना वर्गात शिकवले होते. तेव्हा दुसरा नियम स्मरून त्यांनी कचरापेटीही रिकामी केली. मग हात झटकून ते आडवे झाले आणि त्यांना गाढ झोप लागली.

जाग आली ती बाईंच्या हाकेने. हाक मोठी नव्हती. "अहो," एवढेच.

संगणकावर लाल अक्षरांची एक ओळ होती. वेळापत्रकाच्या प्रोग्रामला त्याचे अमुक मॉड्यूल मिळत नव्हते आणि त्यामुळे तो उघडणार नव्हता.

"मिळेल की," भांडारप्रमुख म्हणाले. "मी एका जागी लावून ठेवलंय. आता शोधायलाच नको." त्यांनी नव्या मालाकडे बोट दाखवले. बाईंनी प्रोग्रामला ते नवे मॉड्यूल देऊन बघितले. आता लाल ओळ एकाऐवजी पानभर झाली.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्या रागावल्या असत्या तर भांडारप्रमुखांना सोपे गेले असते. पण त्या म्हणाल्या, "संगीताच्या बाईंनी तास मान्य केला आज. महिनाभर अडून बसल्या होत्या." मग त्यांनी चष्मा काढला आणि त्या डोळे मिटून बसल्या. भांडारप्रमुखांच्या डोळ्यांसमोर सोमवार उभा राहिला. परवा शाळा उघडणार होती. दारात मुले, शिक्षकखोलीत शिक्षक, आणि कोणी कुठल्या वर्गात जायचे हे सांगायला कोणी नाही. आणि सगळी शाळा बघणार बाईंकडे.

पुन्हा फोन झाला. या वेळी हवेची चौकशी झाली नाही. जावई म्हणाले, त्या जुन्या मॉड्यूलमध्ये विज्ञानाच्या सरांनी स्वतः काही बदल केले होते, त्यामुळे बाहेर ते कुठेच मिळणार नाही. बाईंच्या फोल्डराची मागे घेतलेली एक प्रत जावयांच्या कचेरीतल्या संगणकावर असावी. पण कचेरी सोमवारी दहाला उघडणार होती आणि शाळा सातला. "काही काढून टाकलंत का बाबा?" त्यांनी हळूच विचारले. "जादा होतं ते," भांडारप्रमुख म्हणाले, आणि फोन बाईंकडे दिला.

दुष्काळात तेरावा महिना म्हणून एजंटांनी कोपऱ्यावरच्या संगणक-दुरुस्तीवाल्याला बोलावून आणले. हे गृहस्थ कुठल्याही आजारावर एकच औषध देत. "फॉरमॅट मारू," बॅग खाली ठेवायच्या आधीच ते म्हणाले. "सगळं साफ होईल. मशीन नव्यासारखं."

"आणि वेळापत्रक?" बाईंनी विचारले.

"तेही साफ होईल," दुरुस्तीवाले धीर देत म्हणाले. त्यांना चहा पाजून रवाना करण्यात आले.

रविवारी सकाळी बाई टेबलाशी कोरा कागद घेऊन बसल्या होत्या. तह सगळा डोक्यात होता, पण कागदावर उतरेना. एक तास लिहिला की दुसरा खोडावा लागे. भांडारप्रमुख दारात उभे राहून ते बघत होते. आपण जवळ जावे की लांब राहावे हे त्यांना कळत नव्हते. शेवटी ते माळ्यावर चढले आणि त्यांची खणांची लाकडी पेटी घेऊन खाली आले. तिच्यात खिळे, नट, वायसर, स्प्रिंगा, सगळे जातवार लावलेले होते. दिवाणखान्यातली खुर्च्या-टेबले त्यांनी भिंतीला सरकवली आणि खडूने फरशीवर चौकटी आखल्या. उभ्या बाजूला वर्ग, आडव्या बाजूला वार आणि तास.

"तुम्ही सांगा, मी ठेवतो," ते म्हणाले. "एक वस्तू एका वेळी दोन जागी आली तर मला दिसेल. तेवढं मला येतं."

 बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "पितळी नट म्हणजे मराठीच्या बाई," त्या म्हणाल्या. "सोमवार, पहिला तास, पाचवी अ."

दिवसभर हे चालले. चित्रकलेच्या बाई वायसर झाल्या, इतिहासाचे सर लांब खिळा झाले, कवायतीचे सर स्प्रिंग. आणि खरे सांगायचे तर भांडारप्रमुख या कामात वाकबगार होते. बाई तास सांगायच्या आणि ते गुडघ्यांवर सरकत म्हणायचे, "थांबा, खिळा त्या वेळी आठवीत आहे." ज्या दोन बाई एका मजल्यावर चालत नसत, त्यांना त्यांनी मजल्याचे नाव काढायच्या आतच लांब ठेवले; भांडारात काही रसायने अशीच ठेवावी लागत. दुपारी एजंट सल्ला द्यायला उतरले आणि सहावीच्या गुरुवारवर पाय पडून कवायतीचे सर उडून कपाटाखाली गेले. ते काठीने बाहेर काढेपर्यंत एजंटांना पायरीवर बसवून ठेवण्यात आले.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा गणित उरले होते. गणिताला दोन शिक्षक होते. नवे सर मोठी पदवी घेऊन आलेले. त्यांच्यासाठी भांडारप्रमुखांनी चकचकीत नट निवडला होता. जुने सर निवृत्तीला आलेले. त्यांच्या वाट्याला एक गंजका नट आला होता. भांडारप्रमुखांनी सगळ्या सातव्यांत चकचकीत नट लावत नेले. बाईंनी वाकून सातवी ब मधला उचलला आणि गंजका ठेवला.

"तिथे जुने कशाला?" भांडारप्रमुख म्हणाले. "नवे मोकळे आहेत की त्या तासाला. आणि शिकलेले जास्त."

"आहेतच शिकलेले. शिकवतातही छान."

"मग?"

"सातवी ब ला जुनेच सर लागतात," बाई म्हणाल्या. "ती मुलं त्यांच्या पद्धतीनं शिकत आलीत. त्यांची पायरी त्यांनाच माहीत. गेल्या वर्षी नव्यांना पाठवून बघितलं. सरही बरोबर, मुलंही बरोबर, आणि चाचणीत पूर्ण वर्ग नापास."

भांडारप्रमुख गुडघ्यांवरच बसून राहिले. हातातला चकचकीत नट त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग भिंतीला सरकवलेल्या संगणकाकडे पाहिले.

"म्हणून ते वेगळं ठेवलेलं होतं," ते म्हणाले. "तुमच्या फोल्डरात. जुनं."

"मला काय माहीत," बाई म्हणाल्या. "मला एवढंच माहीत होतं की चालतंय, तर हात लावू नये. मंगळवार, दुसरा तास."

सोमवारी शाळा उघडली. फरशीवरचे वेळापत्रक बाईंनी कागदावर उतरवून नेले होते आणि ते चालले. सहावीला गुरुवारी कवायतीचे दोन तास लागोपाठ आले होते, पण सहावीने त्याबद्दल तक्रार केली नाही. दुपारपर्यंत जावयांकडून मॉड्यूल आले आणि बाईंच्या फोल्डरात जिथल्या तिथे बसले. त्याबरोबर पासवर्डही बदलला. नवा पासवर्ड बाईंना कळवण्यात आला. त्यांनी तो कोणाला सांगितला नाही आणि भांडारप्रमुखांनी विचारला नाही. सर्वांसाठी बसवलेले मॉड्यूल जावयांनी काढून टाकले होते, तेव्हा त्यांनी ते पुन्हा आणायला घेतले, दोन चौकोन पुन्हा समोर आले, आणि त्यांनी कोणाचेही मत न घेता 'फक्त तुमच्यासाठी' वर खूण केली. संगणकाने एक अक्षर न विचारता काम केले. भांडारप्रमुखांना जरासा राग आला, की हे इतके सोपे होते तर.

मग ते उठले. जादा मालाच्या खोक्यातून दोन कात्र्या काढल्या, एक शिवणाच्या डब्यात ठेवली आणि एक टेबलाच्या खणात. मिठाची दुसरी बरणी धुऊन भरली. बाई शाळेतून आल्या, शिवणाचा डबा उघडला, कात्री पाहिली आणि हातात घेऊन परत ठेवली.

"आणि चष्मा?" त्या म्हणाल्या.

"कोणता?"

"खिडकीतला. नव्यातून लांबचं दिसतं. सुई ओवायला मला तोच लागायचा."

"तो गेला," भांडारप्रमुख म्हणाले. "त्याच दिवशी."

"बरं," बाई म्हणाल्या.

या वेळी भांडारप्रमुखांना ते "बरं" समजले. त्यांनी लगेच चपला घातल्या. चष्मेवाल्याच्या दुकानाबाहेरची पेटी केव्हाच रिकामी होऊन गेली होती. बाईंचा जुना नंबर मात्र दुकानात होता. चष्मेवाल्याने तो काढला, बघितला आणि मान हलवली.

"हा जुना नंबर आहे," तो म्हणाला. "बाईंना आम्ही नवा करून दिलाय की. चांगला आहे तो."

"चांगलाच आहे. तो राहू द्या. हाही हवा."

"एका माणसाला दोन कशाला? लोक जुना आणून पेटीत टाकतात आणि तुम्ही पैसे देऊन जुना करून घेताय?"

भांडारप्रमुखांनी काउंटरवर हात टेकले. हयातभर वरिष्ठांना नियम ऐकवताना त्यांचा जो आवाज लागत असे, तोच आता लागला.

"सातवी ब ला जुनेच सर लागतात," ते म्हणाले.

चष्मेवाल्याला काहीच कळले नाही. पण गिऱ्हाइकाचा चेहरा बघून त्याने जास्त विचारले नाही, आणि जुना नंबर लिहून घेतला.